आधी हात ऊन कर

गुरुवारी संध्याकाळी माझी थोरली क्लासहून आली, सॅक दारातच टाकली आणि कोचावर भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली. मी लग्नाच्या ऑर्डरचा ब्लाउज शिवत होते. तिचा चेहरा दिसत नव्हता, पण पायाची बोटं आवळून धरली होती त्यावरूनच कळलं. मशीन बंद केलं. पातेल्यात पाणी तापत ठेवून त्यात तिळाच्या तेलाची वाटी ठेवली, हात धुऊन कोरडे केले आणि ते एकमेकांवर घासत तिच्याजवळ जाऊन बसले.

“आई, तुझं काम होऊ दे. उद्या द्यायचं आहे म्हणत होतीस.”

“कुशीवर हो.”

वीस मिनिटांनी ती सरळ झाली, पाणी मागितलं आणि म्हणाली, “नऊ होतं, आता चार आहे.” आम्ही मायलेकी असंच मोजतो, दहापैकी. चारावर आलं की तिला दोन घास जातात आणि घास गेले की गोळी घेता येते.

पाळीचं दुखणं उतरावं म्हणून त्या वीस मिनिटांत मी तिला नेमकं कसं चोळते, ते बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीतल्या दोघीतिघींनी लिहून मागितलंय. म्हणून हे सविस्तर.

मला हे शिकवलं माझ्या आज्जीनं. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या पुढं, जंगलाला लागून. तिथला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. जूनमध्ये एकदा लागला की कपडे चुलीवरच वाळवायचे. आमच्या घरात पाळीचे चार दिवस मागच्या सोप्यात, घोंगड्यावर काढायचे. घोंगडं लोकरीचं असतं, लोकरीला विटाळ लागत नाही, म्हणून घोंगडं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, पाणीसुद्धा वरून ओतायचे. मी सातवीत होते. पोटात कुणीतरी ओलं धुणं पिळतंय असं व्हायचं. कंबर भरून यायची, मांड्यांत गोळे यायचे आणि वर मळमळ. भिंतीपलीकडं पुरुषमाणसं बसलेली, त्यामुळं कण्हायचं तेही तोंडात पदर धरून.

आज्जी गावातल्या बाळंतिणींना आणि पोरांना तेल लावायला जायची. त्याचे तिला तांदूळ मिळायचे, कधी लुगडं मिळायचं. माझी पाळी सुरू झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात, एका रात्री सगळी निजानीज झाल्यावर ती तेलाची वाटी आणि कंदील घेऊन सोप्यात आली. आतून मोठ्या काकूचा आवाज आला, “आत्ती, शिवाशिव होईल.”

आज्जीनं मान वर केली नाही. “बाळंतिणीचं रगत मला चालतंय,” ती म्हणाली, “त्याचं तांदूळ तुमाला चालत्यात. माझ्या नातीचंच का चालत नाही?”

काकू गप्प झाली. तरी घरात तंटा नको म्हणून मला चोळून झालं की आज्जी मागच्या न्हाणीत जायची आणि त्या पावसात डोक्यावरून दोन तांबे गार पाणी घ्यायची. सत्तरीची बाई, आणि हे चारही रात्री. मी घोंगड्यावर पडून त्या पाण्याचा आवाज ऐकायचे. पोट हलकं झालेलं असायचं आणि रडू घशाशी आलेलं असायचं. पुढं एकदा तिला ताप भरला. त्यानंतर तिनं ते न्हाणं सोडलं, आणि घरातल्या कुणी त्यावर शब्द काढला नाही.

मालीश हा शब्द तेव्हा आमच्याकडं नव्हता, आम्ही चोळणं म्हणायचो. पण त्या सोप्यात मला जे कळलं ते आजही तसंच वाटतं. विटाळ पाळायचा तर चोळता येत नाही. ज्या दिवसांत पोरीच्या अंगाला कुणाच्या तरी हाताची सगळ्यात जास्त गरज असते, नेमके तेच दिवस आपण हात आखडून घेतो. आता बेळगावात सोपे राहिले नाहीत, घोंगडी राहिली नाहीत; तरी “आज मला शिवू नको” एवढं वाक्य अजून पुष्कळ घरांत चालूच आहे.

तर आता चोळण्याचं.

आज्जीचा पहिला धडा: “आदी हात ऊन कर. गार हातानं पोटाला शिवू नको, पोट दचकतंय.” ती चुलीवर तळवे धरायची, मी घासून ऊन करते. तेल मी रविवार पेठेतून घाण्याचं तिळाचं आणते. आज्जी त्यात चिमूटभर ओवा तडतडू द्यायची, त्याचा वास मला अजून धीर देतो. घरात खोबरेल असेल तर खोबरेल चालतं. तेलाचं मुख्य काम हात न अडकता सरकू देणं हे आहे. लव्हेंडरच्या तेलाची हल्ली बरीच जाहिरात दिसते. ते वापरायचं असेल तर दोनतीन थेंब साध्या तेलात मिसळून वापरा, नुसतं कातडीवर लावलं तर आग होते.

दुसरा धडा, आणि हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो: सुरुवात पोटापासून करायची नाही. “पोट रुसलंय. आदी पाठीशी बोल,” आज्जी म्हणायची. मुलीला कुशीवर निजवायचं, दोन गुडघ्यांच्या मधे उशी द्यायची. परकराची नाडी मागं जिथं टेकते त्याच्या खाली, माकडहाडाच्या वर, हाडाचा एक चपटा त्रिकोण लागतो. त्याच्या वरच्या दोन टोकांशी दोन खळ्या असतात. त्या त्रिकोणावर तळहाताचा मनगटाकडचा जाड भाग ठेवायचा आणि सावकाश गोल फिरवायचा. हात कातडीवरून नुसता घसरता कामा नये, खालचं मांस हाताबरोबर हललं पाहिजे. ती श्वास सोडेल तेव्हा जरा भार द्यायचा, घेईल तेव्हा सैल सोडायचं. पहिली दोन मिनिटं ती श्वास धरूनच ठेवते. मी काही सांगत नाही, माझाच श्वास मोठ्यानं सोडत राहते. मग तिचा आपोआप त्याला लागतो. पाचसात मिनिटं इथंच. नंतर खळ्यांपासून बाहेर, कुल्ल्याच्या बाजूनं अंगठ्यानं. आमची शेजारीण उद्यमबागेतल्या कारखान्यात आठ आठ तास उभी असते. तिच्या या जागी हात लावला की डोळ्यांत पाणी येतं, इतकं ते आखडलेलं असतं.

मग उताणं निजवायचं, गुडघ्यांखाली उशी, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. पूर्ण तळहात बेंबीपाशी ठेवून काही क्षण नुसता राहू द्यायचा. मग घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, म्हणजे तिच्या उजव्या बाजूनं वर, बेंबीवरून आडवं, डाव्या बाजूनं खाली ओटीपोटापर्यंत. मोठं आतडं याच दिशेनं जातं, त्यामुळं अडकलेला वातही सुटतो आणि फुगलेलं पोट उतरतं. हाताचा भार किती? माझ्यासारख्या शिवणाऱ्या बायकांना सांगते: सुईखालून जॉर्जेट सरकवताना जेवढा हात जड ठेवता तेवढाच. आज्जी म्हणायची, “दाबू नको, पोट हाय ते, कणीक न्हवं.”

शेवटी पाय. आतल्या घोट्याच्या हाडावर तिचीच चार बोटं आडवी ठेवायची. वरचं बोट जिथं येईल तिथं, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला, अंगठ्यानं दाबून धरायचं. एक मिनिट एक पाय, एक मिनिट दुसरा. चिनी उपचारपद्धतीत ही नावाजलेली जागा आहे. आज्जीला चीन माहीत नव्हतं, पण ती तिथं दाबायची. दिवस राहिल्याची शंका असेल तर मात्र ही जागा दाबायची नाही, पोटालाही हात लावायचा नाही. एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल तर तो पाय चोळायचा नाही, लगेच डॉक्टरकडं जायचं. आत रक्ताची गुठळी असू शकते.

घरात एकट्या असाल तर भिंत आणि टेनिसचा चेंडू. चेंडू भिंत आणि कमरेखालचा तो त्रिकोण यांच्या मधे धरायचा, गुडघे जरा वाकवायचे आणि हळूहळू डुलायचं. मी कापडं कापायच्या टेबलामागं उभी राहून हे कितीदा केलंय. तारीख जवळ आली की दोन दिवस आधीपासूनच रात्री दहा मिनिटं चोळलं तर पहिल्या दिवशीचा जोर कमी होतो, हा माझा आणि लेकीचा दोघींचा अनुभव.

एक वाईट अनुभवही सांगते. लग्नानंतर एकदा शहरातल्या एका ठिकाणी पैसे भरून मालीश करून घेतली. तिथल्या बाईनं बेंबीजवळ बोटं खुपसून “बेंबी सरकलीय” म्हणून निदान केलं आणि मुठीनं पोट रगडलं. घरी येऊन तीन दिवस मला खोकतासुद्धा येत नव्हतं. बेंबी सरकत वगैरे नाही. पाळीच्या पोटाला जोर नको असतो, आणि जोर लावणाऱ्या हातापासून पोरींना वाचवा.

चोळल्यानं बरं का वाटतं, हे मला माझ्या मावसबहिणीनं समजावलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांच्यामुळं गर्भाशय आवळतं, इतकं की त्याच्याच स्नायूंचा रक्तपुरवठा घटका घटका तुटतो. तीच ती कळ. हीच द्रव्यं आतड्यांवरही काम करतात, म्हणून पहिल्या दिवशी काहींना जुलाब होतात, मळमळतं. आणि गर्भाशयाकडच्या नसा मणक्यात जिथं शिरतात तिथंच कमरेच्या आणि मांड्यांच्या नसा येतात, त्यामुळं दुखणं कमरेत आणि मांडीत उतरतं. पाठीशी आधी बोल, हे आज्जीचं सांगणं मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

बहिणीनं मग दाराची गोष्ट सांगितली. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की मणक्यात वेदनेच्या वाटेवर एक दार असतं. स्पर्शाचे, दाबाचे संदेश तिथं पोचले की ते दार थोडं लोटलं जातं आणि मेंदूपर्यंत वेदना कमी जाते. कोपर आपटलं की आपण न शिकवता चोळतो, ते याचसाठी. मालीशवर तुर्कस्तान, इराण, कोरिया इथं छोटे छोटे अभ्यास झालेत, बऱ्याचदा कॉलेजच्या मुलींवरच, आणि त्यांत दुखणं उतरलेलं दिसतं. पण आपल्याला चोळलं जातंय हे ज्या मुलीला कळतं तिला बरं वाटण्यात हाताचा भाग किती आणि कुणीतरी जवळ बसल्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड, असं बहीण म्हणाली. मला ते वेगळं काढायचंच नाही. आज्जीच्या हातातही दोन्ही एकत्रच होतं.

मात्र चोळल्यानं ती द्रव्यं कमी होत नाहीत. ती कमी करते गोळी, म्हणून गोळीला मी नाव ठेवत नाही. “गोळ्या खाऊन पुढं मूल होत नाही” असं पोरींना सांगणाऱ्या बायका आमच्या गल्लीत आहेत. ते खोटं आहे आणि त्या भीतीनं पोरी उगाच तळमळत राहतात. मेफेनॅमिक अॅसिड, आयबुप्रोफेन या गोळ्या दुखणं सुरू होताहोताच घेतल्या तर जास्त कामी येतात. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच. २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं मेफेनॅमिक अॅसिडविषयी सावध केलं होतं: क्वचित कुणाला त्यानं ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं अशी गंभीर रिअॅक्शन येते. असं काही दिसलं तर गोळी बंद करून ताबडतोब दवाखाना.

शेकाचंही तसंच, त्याला कमी लेखू नका. आमचा धाकटा बारा वर्षांचा आहे, तो ताईची रबरी पिशवी भरून आणतो. उकळतं पाणी घालायचं नाही, पिशवीला टॉवेल गुंडाळायचा, एवढं त्याला शिकवलंय. पाळी म्हणजे काय हेही शिकवलंय, अगदी आडपडदा न ठेवता.

आता जे लिहायला जड जातं ते. चोळणं मला येत होतं, आणि त्याच्याच भरवशावर मी दोन वर्षं घालवली.

पस्तिशीत माझं दुखणं बदललं. पूर्वी पाळीबरोबर येऊन दोनतीन दिवसांत जायचं, ते आता आठवडाभर आधी यायला लागलं. रक्तस्राव इतका की तासाला पॅड बदलायचं, बरोबर गाठी जायच्या. आमचे हे मागावर काम करतात, हात राकट, पण मी शिकवलं तसं रोज रात्री माझी कंबर चोळून द्यायचे. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. बरं वाटायचं म्हणून मी दवाखाना पुढं ढकलत राहिले. शेवटी गेले तेव्हा डॉक्टर कन्नड बोलणारे. मला बाजाराचं कन्नड येतं, दुखण्याचं येत नाही. मी “होट्टि नोव” म्हटलं, म्हणजे पोट दुखतंय. त्यांनी अॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. दोन महिने मी त्या खाल्ल्या.

समोरच्या घरातल्या आक्का कन्नड. त्यांनी माझं ऐकून घेतलं, माझ्या ओटीपोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “हे होट्टि नव्हे गं. किब्बोट्टि म्हण.” किब्बोट्टि म्हणजे ओटीपोट. कंबर म्हणजे सोंट, मांडी म्हणजे तोडि, पाळी म्हणजे मुट्टु. एका दुपारी त्यांनी मला हे शब्द चिठ्ठीवर लिहून दिले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आल्या. सीमाभागात राहणाऱ्या माझ्या मराठी बहिणींनो, भाषेचं राजकारण काहीही असो, हे चार शब्द पाठ करून ठेवा. आपलं दुखणं कुठं आहे ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

सोनोग्राफी झाली. निघालं अॅडेनोमायोसिस. गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच स्नायूंच्या भिंतीत शिरलेलं. एका ठिकाणी सांगितलं, दोन मुलं झालीत, पिशवी काढून टाका. आमच्या गल्लीत चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या कितीतरी बायका आहेत, त्यामुळं मलाही ते सरळच वाटलं. मावसबहिणीनं हट्टानं दुसऱ्या डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी गर्भाशयात बसवायची, थोडं थोडं संप्रेरक सोडणारी तांबीसारखी टी बसवली. सहा महिन्यांत रक्तस्राव उतरला, दुखणं नऊवरून तीनवर आलं. आता मी बेचाळीस वर्षांची आहे, पिशवी जागेवर आहे.

म्हणून लेकीला चोळताना मी प्रत्येक महिन्याचा आकडा कॅलेंडरवर लिहिते. चोळण्याआधी किती, नंतर किती. पाळी नसतानाही दुखलं, दर महिन्याला वाढत गेलं, शौचाला बसताना किंवा नवऱ्याजवळ दुखलं, शेक, गोळी, मालीश कशालाच दाद देईना, शाळा बुडायला लागली, तर तेल बाजूला ठेवायचं आणि डॉक्टर गाठायचा. एंडोमेट्रिओसिससारखे, म्हणजे अस्तरासारखा थर गर्भाशयाच्या बाहेर वाढण्याचे, आजार असेच “बायकांना दुखतंच” या एका वाक्याखाली वर्षानुवर्षं दडून राहतात.

शेजारीण परवा विचारत होती, सुट्टीचं काय झालं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानं पाळीसाठी महिन्याला एक दिवस, वर्षाला १२ दिवस पगारी रजा मंजूर केली, सरकारी आणि खासगी दोन्हीकडं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण निपाणीत घरी बसून विड्या वळणारी, वडगावात कांड्या भरणारी, माझ्यासारखी घरातल्या मशीनवर शिवणारी, हिला रजा कोण देणार? दिवसभर मान खाली घालून, मांडी घालून बसायचं आणि त्यातच ते दोन दिवस काढायचे. या बायकांच्या कमरेला हात लागायला हवा असं मला फार वाटतं.

रविवारी दुपारी माझं शिवण बंद असतं. ज्यांना शिकायचंय त्यांनी लेकींना घेऊन या. वाचून हाताचा भार कळत नाही, तो हातावर हात ठेवूनच दाखवावा लागतो. पाळीत असलात तरी या, मुद्दाम या. नखं कापून या. आणि येताना एक जुना टॉवेल आणा, तिळाच्या तेलाचे डाग निघत नाहीत.